खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ, मग उद्यमनगरात लेथ का नाही?

परवा शिवाजी उद्यमनगरात एक शेड रिकामी होत होती. जुनं लेथ टेम्पोत चढवत होते, भंगाराच्या भावानं. हेडस्टॉकखालचे बिडाचे ठोकळे दिसले म्हणून मी थांबलो.

हे ठोकळे कंपनीचे नव्हेत. लेथवर केवढा जॉब फिरणार, हे स्पिंडल बेडपासून किती उंच आहे त्यावर ठरतं. इंजिनाचं फ्लायव्हील बेडला घासायला लागलं तर मोठं लेथ घ्या, असं पुस्तक सांगतं. पण पैसे कुठले? मग मिस्त्रींनी हेडस्टॉक उचलून खाली ठोकळे घातले, टेलस्टॉक आणि टूलपोस्ट तेवढंच वर घेतलं. सांगायला सोपं आहे हो! दोन्ही सेंटर एका रेषेत नसतील तर जॉब टेपर निघतो. म्हणून रंग लावून बघायचं, लागतंय तिथं खरवडायचं, पुन्हा बसवायचं. दिवसच्या दिवस.

या लेथला मोटारगाडीचा जुना गिअरबॉक्सही होता. पूर्वी शेडच्या आढ्याला एक लांब शाफ्ट असायचा, त्यावरनं पट्टे उतरून सगळी मशीनं फिरायची. पुढं प्रत्येक मशीनला स्वतंत्र मोटर आली. पट्टा सरकवत बसण्यापेक्षा गाडीचा गिअर टाकलेला बरा, हे कुणातरी मिस्त्रीला सुचलं. चावीचा गाळासुद्धा लेथवरच काढायचे: स्पिंडल अडवायचा, टूल आडवं बांधायचं आणि कॅरेज हातानं मागं-पुढं ओढायचं.

हे इथंच का वाढलं? ऊस, गुऱ्हाळं, विहिरीवरची ऑइल इंजिनं. हंगामात इंजिन बंद पडलं तर शेतकरी पार्टची वाट बघत थांबणार नव्हता. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांची नावं आपण घेतो. ठोकळे घालणाऱ्याचं नाव कुठंच नाही.

खोड मात्र जुनीच. बाबूराव पेंटरांनी प्रोजेक्टर समजून घेत, दामल्यांना बरोबर घेऊन कॅमेरा इथंच बनवला आणि 1920 ला 'सैरंध्री' आणला. त्या कॅमेऱ्याचा स्तंभ खरी कॉर्नरला आहे. उद्यमनगरात तसं काय आहे?

जुन्या लेथवरच काम करा असं माझं म्हणणं नाही. शिरोली, गोकुळ शिरगावात सीएनसी आले ते बरंच झालं, मायक्रॉनचं काम ठोकळ्यांवर होत नाही. पण महापालिकेनं आणि उद्योजकांच्या संघटनांनी एक तरी लेथ चौकात मांडावं. आणि कृपा करून त्याचे ठोकळे, गिअरबॉक्स काढून, हिरवा रंग मारून त्याला 'नवं' करू नका.

मालकांना म्हटलं, ठेवा की एक. म्हणाले, "साहेब, जागा कुठाय?" टेम्पो गेला. माझ्याकडं चार फोटो उरलेत, खाली टाकतोय. तुमच्या शेडमध्ये असं जोडकाम केलेलं लेथ असेल तर फोटो टाका. कुणी केलं, कशासाठी केलं, तेवढं वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.