थॅलसेमिया वाहकता : मुंबई उपनगरे

थॅलसेमिया वाहकता : बीटा-ग्लोबिन जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष असण्याची आनुवंशिक स्थिती. प्रस्तुत नोंदीत तिचा मुंबई उपनगर जिल्ह्यातील, विशेषतः मुलुंड, घाटकोपर, बोरिवली व अंधेरी या भागांतील प्रसार आणि अभ्यास यांचा विचार केला आहे. वाहक (बोलीत ‘मायनर’) व्यक्ती निरोगी असते. रक्त थोडे फिके, एवढेच. दोन्ही प्रती सदोष असलेल्या बालकास थॅलसेमिया मेजर हा गंभीर आजार होतो. तो बहुधा पहिल्या दोन वर्षांतच उघड होतो आणि मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात मूल मेजर असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के व पूर्ण निर्दोष असण्याची 25 टक्के असते. पहिले मूल मेजर झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब अनेक घरांत केला जातो. तो चूक आहे.

जनुक व उत्परिवर्तने : हे जनुक 11व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे. त्याची लांबी सुमारे 1,600 अक्षरांची (क्षारक जोड्यांची). त्यात तीन संकेती खंड व त्यांच्यामध्ये दोन बिनसंकेती खंड येतात. त्यावरून 146 अमिनो आम्लांची साखळी तयार होते. जगभरात या जनुकातील थॅलसेमियाकारक उत्परिवर्तने तीनशेहून अधिक नोंदली गेली आहेत. भारतात साठाहून अधिक आढळली, तरी पाचसहाच उत्परिवर्तने सुमारे 90 टक्के रुग्णांचा हिशेब पुरा करतात.

त्यांत सर्वांत जास्त आढळणारे आयव्हीएस 1-5 (जी ऐवजी सी) पहिल्या बिनसंकेती खंडाच्या पाचव्या जागी असते. तेथील एक अक्षर बदलले की बिनसंकेती भाग कापून काढण्याची खूण पुसट होते आणि बहुतेक प्रती वाया जातात. उपनगरांच्या दृष्टीने अधिक बोलके उत्परिवर्तन म्हणजे 619 अक्षरांचा लोप. यात जनुकाचा शेवटचा तुकडाच नाहीसा होतो व त्या प्रतीपासून बीटा साखळी मुळीच बनत नाही. हा लोप सिंधी व लोहाणा कुटुंबांत ठळकपणे आढळतो. याखेरीज आयव्हीएस 1-1, कोडॉन 8/9, कोडॉन 41/42 व, महाराष्ट्रात विशेषेकरून, कोडॉन 15 ही उत्परिवर्तने प्रयोगशाळांच्या नित्याच्या यादीत असतात.

प्रसार : एखाद्या जनुकाचा नकाशा लग्नसंबंधांवरून व घर बदलण्यावरून किती नेमका काढता येतो, याचे मुलुंड-घाटकोपर हे चांगले उदाहरण आहे. कच्छ व सौराष्ट्रातील लोहाणा, भानुशाली, ओसवाल हे व्यापारी समाज एकोणिसाव्या शतकापासून मुंबईत येत गेले. 1899-1900 च्या दुष्काळाने (छप्पनियो) त्या ओघाला जोर आला. प्रथम वस्ती मशीद बंदर, भातबाजार, मांडवी येथील दाण्यांच्या पेढ्यांच्या माथ्यावर होती. पुढे कुटुंबे वाढली, गाळे अपुरे पडले आणि मध्य रेल्वेच्या मार्गाने बिऱ्हाडे घाटकोपर, मुलुंडकडे सरकली. समाजाच्या वाड्या, महाजन (समाजसंस्था), वसतिगृहे, विवाहमंडळे त्यांच्या मागोमाग आली, म्हणजे सोयरिकीचे वर्तुळही जसेच्या तसे आले. 1947 च्या फाळणीनंतर सिंधमधील निर्वासित मुलुंड कॉलनी, चेंबूर कॅम्प व जिल्ह्याबाहेरील उल्हासनगर येथे वसले. सिंध व कच्छ यांच्यामध्ये केवळ रणाची सीमा. 619चा लोप दोन्हीकडच्या कुटुंबांत सापडतो, तो सामाईक पूर्वजाकडून आला असावा असे मानतात.

मुळात हा दोष एवढा टिकून का राहिला? जे. बी. एस. हॉल्डेन यांनी 1949 मध्ये मांडलेल्या तर्कानुसार वाहकाला मलेरियापासून काही संरक्षण मिळते, त्यामुळे हिवतापाच्या प्रदेशात असे जनुक छाटले जात नाही.

प्रमाण : देशात वाहकांचे प्रमाण सर्वसाधारणपणे 3 ते 4 टक्के धरतात. मुंबई व दिल्लीतील सुमारे 11 हजार शालेय मुलांच्या तपासणीत (प्रसिद्धी 2010) मुंबईचा आकडा 2.68 टक्के व दिल्लीचा 5.47 टक्के आला. सरासरीने मात्र येथे दिशाभूल होते. सिंधी व लोहाणा समाजांत प्रमाण शहराच्या सरासरीपेक्षा बरेच अधिक असून कच्छी भानुशालींच्या काही पाहण्यांत ते दहा टक्क्यांच्या पुढे गेले आहे. मुंबई उपनगर जिल्ह्याच्या 93,56,962 (2011) लोकसंख्येला एकच टक्केवारी लावून काढलेला आकडा म्हणूनच फारसा उपयोगी नाही.

हा ‘गुजराती-सिंध्यांचा आजार’ असल्याचा समज मराठी घरांत रुजलेला आहे. अधिक प्रमाण असलेल्या समाजांच्या राष्ट्रीय याद्यांत कोळी, आगरी, सारस्वत, महार व नवबौद्ध हीही नावे येतात. वेसाव्याचा कोळीवाडा अंधेरीतच आहे.

अभ्यासाचा इतिहास : मुंबईतील मानवी आनुवंशिकीचा पाया रक्तगटांच्या अभ्यासाने घातला. ल. दा. संघवी व व. रा. खानोलकर यांनी 1949 मध्ये मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांतील सात आनुवंशिक लक्षणांची मोजणी प्रसिद्ध केली. ती ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकात छापून आली. पाच वर्षांनी त्या नियतकालिकाने आपल्या नावातील ‘युजेनिक्स’ काढून टाकले. 1952 मध्ये य. म. भेंडे व सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मधून ‘बॉम्बे’ रक्तगटाची नोंद केली. 1956 मध्ये पी. के. सुकुमारन, संघवी व गि. ना. व्यास यांनी पश्चिम भारतातील काही आदिवासी जमातींत सिकलसेल दोष असल्याचे दाखवले.

उपनगरी तपासण्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची नोंद 1972 ची आहे. सुकुमारन व सहकाऱ्यांनी तीन सिंधी कुटुंबांत, बीटा थॅलसेमियाच्या जोडीने, एक वेगळेच हिमोग्लोबिन आढळल्याचे कळवले. त्यात अल्फा साखळीच्या 64 व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्लाऐवजी हिस्टिडिन होते. त्याला हिमोग्लोबिन क्यू-इंडिया म्हणतात. अल्फा जनुक 16 व्या गुणसूत्रावर आणि बीटा 11 व्या. म्हणजे दोन्ही दोष एका व्यक्तीत असले तरी पुढच्या पिढीत ते स्वतंत्रपणे वाटले जातात. शाळेत मेंडेलचे वाटाणे पाठ केलेल्या विद्यार्थ्याला हाच नियम एका सिंधी कुटुंबाच्या तीन पिढ्यांच्या आलेखावर दाखवता येतो. क्यू-इंडियाने स्वतःहून काही त्रास होत नाही. नेहमीच्या अल्कधर्मी विद्युत-पृथक्करणात मात्र ते सिकलसेलच्या हिमोग्लोबिनजवळ उमटते आणि घाईच्या अहवालात ‘सिकल’ असे लिहिले जाते. पेशी विळ्यासारख्या होतात का, ही साधी चाचणी नकारात्मक आली की शंका फिटते. या नोंदीला वर्गीकरणाच्या ग्रंथांत एक ओळ मिळते. मुलुंड किंवा चेंबूरच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला ती बरीच अधिक उपयोगाची आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची परळ येथील, के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तशास्त्र संस्था (एनआयआयएच) हे या विषयाचे मुख्य संशोधनकेंद्र. महाराष्ट्र व गुजरातचा जिल्हावार नकाशा याच संस्थेच्या कामातून तयार झाला (2010). त्यानुसार महाराष्ट्रातील जिल्ह्यांत वाहकांचे प्रमाण 1 ते 6 टक्के असे बदलते.

तपासणी : पहिला सुगावा साध्या रक्तगणनेत (‘सीबीसी’) लागतो. हिमोग्लोबिन 10-11 ग्रॅम, पण लाल पेशींची संख्या पन्नास लाखांच्या वर. पेशींचे सरासरी आकारमान (एमसीव्ही) 80 च्या खाली व पेशीतील हिमोग्लोबिन (एमसीएच) 27 च्या खाली. आकारमानाला पेशीसंख्येने (दशलक्षांत) भागून येणारा अंक 13 हून कमी असल्यास थॅलसेमियाकडे व अधिक असल्यास लोहकमतरतेकडे कल समजावा, असा 1973 चा मेंट्झर निर्देशांक आहे. तो कल सांगतो, निदान करत नाही.

शिबिरांत ‘नेस्ट्रॉफ्ट’ ही स्वस्त चाचणी वापरतात. 0.36 टक्के खारट द्रावणात रक्ताचा थेंब टाकून नळीमागे काळी रेघ ओढलेला कागद धरायचा. साधारण रक्ताच्या पेशी फुटून द्रावण स्वच्छ होते व रेघ दिसते. वाहकाच्या पेशी फुटत नाहीत, द्रावण गढूळ राहते, रेघ दिसत नाही. लोहकमतरतेतही रेघ झाकली जाते, हा तिचा दोष.

निर्णायक मापन हिमोग्लोबिन ए2 (हिमोग्लोबिनचा एक गौण प्रकार) याचे. ते आज एचपीएलसी यंत्रावर करतात, तरी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अजून ‘एचबी इलेक्ट्रोफोरेसिस’ असेच लिहिलेले असते. ए2 चार टक्के वा अधिक असल्यास व्यक्ती वाहक. 3.5 ते 3.9 हा पट्टा त्रासदायक, आणि उपनगरांत तो विशेष त्रासदायक आहे. लोह कमी असेल तर ए2 खाली उतरू शकते. ब12 जीवनसत्त्व कमी असेल तर वर चढू शकते. शाकाहारी घरांत ब12 ची कमतरता नेहमीची, स्त्रियांत लोहाची त्याहून. दोन्ही एकाच रक्तात असतील तर यंत्राच्या आकड्यावर विसंबून चालत नाही. शिवाय ‘कॅप +1’ सारखी मूक उत्परिवर्तने ए2 जवळपास नेहमीइतकेच ठेवतात. अशा वेळी जोडीदाराचे रक्त तपासावे. तो वाहक निघाल्यास डीएनए चाचणीशिवाय पर्याय नाही. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलेले असल्यास, किंवा बाळ एक वर्षाच्या आतले असल्यास, अहवाल विश्वासार्ह नसतो.

उलट बाजूची चूकही मोठी आहे. वाहक स्त्रियांना ‘रक्त कमी’ म्हणून वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. लोह खरोखर कमी असेल तरच त्या उपयोगी. फेरिटिन (लोहसाठ्याचे माप) न पाहता दिलेल्या गोळ्यांनी एमसीव्ही वाढत नाही व निदान तेवढे लांबते.

डीएनए तपासणीत आधी त्या समाजात नेहमी आढळणारी पाचसहा उत्परिवर्तने पाहतात. न सापडल्यास संपूर्ण जनुकाचे वाचन करतात. म्हणून नमुन्याच्या अर्जावर मूळ गाव व समाज यांचे रकाने असत. अनेक वर्षे हे रकाने प्रयोगशाळेचे सर्वांत कामाचे साधन होते. आंतरजातीय व आंतरप्रांतीय लग्ने वाढल्यावर तेच रकाने चाळणी म्हणून वापरणे धोक्याचे झाले आहे. पत्नी लोहाणा व पती कोकणी असे जोडपे ‘कमी धोक्याचे’ म्हणून परत पाठवले जाऊ नये. गरोदरपणाच्या पहिल्या भेटीत प्रत्येक स्त्रीची, व ती वाहक निघाल्यास लगेच पतीची तपासणी हाच सुरक्षित मार्ग, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

गर्भनिदान : गर्भावस्थेच्या 10-12 आठवड्यांत गर्भवेष्टनाच्या उतीचा नमुना घेऊन डीएनए तपासणी. पूर्वी नाळेतून रक्त काढावे लागे व दिवस पुढे गेलेले असत. 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने हिमोग्लोबिनविकारांसाठी अशा चाचणीस अटींसह मुभा ठेवली आहे.

उपचार : नियमित रक्तसंक्रमण, व त्यातून साचणाऱ्या लोहाचा निचरा. आरंभी डेस्फेरिऑक्सामिन हे त्वचेखाली पंपाने रात्रभर द्यावे लागणारे औषध होते. तोंडाने घ्यायच्या डेफेरिप्रोन या औषधाची प्रदीर्घ चाचणी मुंबईत म. बा. अग्रवाल व सहकाऱ्यांनी केली (1992) व अमेरिकेच्या कितीतरी आधी ते भारतात उपलब्ध झाले. अमेरिकेत त्याला परवानगी 2011 मध्ये मिळाली. मूळ आजार बरा करणारा रूढ मार्ग अस्थिमज्जा प्रत्यारोपण. महानगरपालिकेचे थॅलसेमिया उपचार, बालरक्तविकार-कर्करोग व अस्थिमज्जा प्रत्यारोपण केंद्र बोरिवली (पूर्व) येथे आहे. कोल इंडियाच्या 2017 पासूनच्या योजनेत पात्र बालकाच्या प्रत्यारोपणासाठी 10 लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. उन्हाळ्याच्या सुटीत रक्तदात्यांची संख्या घटते व या बालकांचे वेळापत्रक ओढाताणीचे होते.

वादाचे मुद्दे : लग्नापूर्वी तपासणी सक्तीची असावी की ऐच्छिक, याविषयी एकमत नाही. काही समाजांच्या विवाहमंडळांनी परिचयपत्रकात अहवाल मागण्यास सुरुवात केली. त्याने जागृती झाली, तसे मुलींची स्थळे अडल्याच्या तक्रारीही झाल्या; दोष दोघांचा सारखा असताना झळ मात्र मुलीला अधिक बसते. समाजनिहाय आकडे जाहीर करावेत काय, हाही प्रश्न अनिर्णित आहे.

इतर विकार : पारशी समाजातील जी6पीडी-न्यूनता, आदिवासी समाजांतील सिकलसेल व अल्फा थॅलसेमिया यांचा विचार येथे केलेला नाही.

कायदेशीर स्थान : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील 21 प्रकारांत थॅलसेमियाचा समावेश आहे. वाहकास मात्र हा दर्जा लागू होत नाही.