काटा, टेप आणि पाण्याची टाकी

सैन्यभरतीच्या मैदानाबाहेर पहाटे उभे राहिले, तर काही पोरे घाईघाईने केळी खाताना आणि वर तांब्याभर पाणी पिताना हमखास दिसतात. वजन थोडे कमी भरते, ते काट्यावर चढेपर्यंत भरून काढायचे असते. छाती पाच सेंटिमीटर फुगवून दाखवायची असते, म्हणून कोणी कोपऱ्यात श्वास कोंडून उभा असतो. अधिकारीपदाच्या वैद्यकीय तपासणीला निघालेला दुसरा एखादा मुलगा मात्र आदल्या रात्री उपाशी झोपलेला असतो. त्याचे वजन तक्त्यापेक्षा जास्त असते. काटा एकच, पण त्याची भीती दोन प्रकारची आहे.

पहिल्या भीतीचा इतिहास बराच लिहिला गेला आहे. बोअर युद्ध चालू असताना, जानेवारी 1902 मध्ये, मेजर जनरल फ्रेडरिक मॉरिस यांनी टोपणनावाने एक लेख लिहिला. भरती व्हायला येणाऱ्या दर पाच ब्रिटिश तरुणांपैकी दोघेच पुढे कामाचे सैनिक ठरतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर गदारोळ झाला, 1904 साली चौकशी समितीचा अहवाल आला आणि 1906 मध्ये शाळकरी मुलांना जेवण देण्याचा कायदा झाला. साम्राज्याला सैनिक हवे होते म्हणून गरिबाच्या पोराच्या ताटात घास पडला, असो.

दुसऱ्या भीतीचा इतिहास कमी सांगितला जातो. त्याची सुरुवात मैदानावर होत नाही, समुद्राच्या तळाशी होते.

खोल पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्याच्या रक्तात आणि मांसात दाबामुळे नायट्रोजन विरघळतो. तो घाईने वर आला, तर सोड्याची बाटली उघडल्यावर व्हावे तसे अंगात बुडबुडे होतात. सांधे पिळवटून निघतात, अर्धांग होते, माणूस मरतोही. ब्रिटिश नौदलासाठी जे. एस. हाल्डेन यांनी बॉयकॉट व डॅमंट यांच्यासह 1908 मध्ये या व्याधीवर अभ्यास प्रसिद्ध केला. चरबीत नायट्रोजन पाण्याच्या सुमारे पाचपट विरघळतो, हे तेव्हा नुकतेच कळले होते. म्हणून लठ्ठ माणसाला खोल पाण्यात उतरवूच नये, असे त्यांनी बजावले. वजनाच्या अटीमागचे कारण इतके स्वच्छ क्वचितच दिसते. माणूस कसा दिसतो याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. प्रश्न त्याचा जीव वाचण्याचा होता.

पण लठ्ठ कोणाला म्हणायचे? काटा हाडाचे, स्नायूचे आणि चरबीचे वजन एकाच आकड्यात सांगतो. इथे अमेरिकन नौदलातले एक डॉक्टर येतात, अल्बर्ट बेन्के. ‘स्क्वालस’ ही पाणबुडी 23 मे 1939 रोजी न्यू हॅम्पशायरच्या किनाऱ्याजवळ सुमारे 73 मीटर खोल बुडाली. 33 जण बचावकक्षातून वर आले, 26 गेले. पाणबुडी वर काढण्याचे काम पुढे कित्येक महिने चालले आणि त्या पाणबुड्यांची प्रकृती सांभाळणाऱ्या डॉक्टरांत बेन्के होते. (मराठीत बुडणारे जहाज ‘पाणबुडी’ आणि ते काढायला उतरणारा माणूस ‘पाणबुड्या’. अशा कथेत या जोडीने थोडा गोंधळ होतो खरा.) माणसाच्या अंगात चरबी किती, हा प्रश्न त्यांना रोजच्या कामातून पडलेला होता.

त्यांनी उत्तर शोधले ते शाळेच्या पुस्तकातल्या आर्किमिडीजकडे. माणसाला आधी हवेत तोलायचे, मग पूर्ण पाण्याखाली बसवून, सगळा श्वास सोडायला लावून पुन्हा तोलायचे. फुप्फुसात उरलेली हवा हिशेबातून वजा करायची. चरबी पाण्यापेक्षा हलकी, हाड-स्नायू जड. दोन वजनांच्या फरकावरून शरीराची घनता कळते आणि घनतेवरून चरबीचा अंदाज येतो. 1942 मध्ये या पद्धतीने नौदलाच्या 99 निरोगी माणसांची मोजणी प्रसिद्ध झाली.

त्याच वर्षी त्यांनी आणि वेल्हॅम यांनी 25 व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलपटूंना टाकीत बसवले. प्रचलित उंची-वजनाच्या तक्त्याप्रमाणे यातले 17 जण लष्करी सेवेला अपात्र ठरत होते. देश नुकताच महायुद्धात उतरलेला, माणसांची निकड, आणि देशातले सर्वांत दणकट तरुण ‘अतिवजनदार’ म्हणून बाद! टाकीने वेगळे सांगितले. त्यांची घनता भरपूर होती. वजन स्नायूंचे होते, चरबी थोडीच. तक्त्याला जो दोष वाटत होता, तीच त्यांची ताकद होती.

निष्कर्ष इतका उघड होता, की तक्ते लगेच बदलले असतील असे वाटावे. तसे झाले नाही. हजारो माणसांना टाकीत बसवणे कोणत्याही लष्कराला परवडणारे नव्हते. काटा मात्र प्रत्येक छावणीत होता. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने वजनाऐवजी चरबीचे प्रमाण हा निकष 1981 च्या आदेशात धरला. त्यासाठी काढलेली सोय होती शिंप्याची: टेप. नौदलाच्या संशोधन केंद्रातले हॉजडन आणि बेकेट यांनी 1984 मध्ये सूत्र दिले. पुरुषांची मान आणि पोट मोजायचे, उंची जमेस धरायची, चरबीचा अंदाज काढायचा. त्या सूत्रात मान जितकी जाड तितकी चरबी कमी निघते, हे सैनिकांच्या लवकरच ध्यानात आले आणि काहींनी मानेचे व्यायाम सुरू केले. आपल्याकडच्या छाती फुगवण्याचीच ही चुलत बहीण.

मार्च 2023 मध्ये अमेरिकन भूदलाने नियम केला, की शारीरिक चाचणीत 600 पैकी 540 गुण आणि सहाही प्रकारांत प्रत्येकी किमान 80 मिळवणाऱ्याची टेपची मोजणी करायची नाही, त्याचे वजन काहीही असो. बेन्केंच्या टाकीपासून इथवर यायला 81 वर्षे लागली.

आपल्याकडेही वय-उंचीप्रमाणे वजनाचा तक्ता आहे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत जाऊ पाहणाऱ्या मुलांना तो पाठ असतो. तक्ता करणाऱ्यांना या अडचणीची कल्पना नाही असे मुळीच नाही. कुस्ती, मुष्टियुद्ध किंवा शरीरसौष्ठव करणाऱ्या उमेदवाराला जास्त वजनाची सवलत त्यात दिलेली आहे. मात्र कंबर-नितंबाचे प्रमाण मर्यादेत हवे, रक्ताच्या तपासण्या ठीक हव्यात आणि खेळ राष्ट्रीय पातळीवर खेळल्याचा लेखी पुरावा हवा. कोल्हापूर-सांगलीकडच्या एखाद्या गावच्या तालमीत वर्षानुवर्षे जोर-बैठका काढलेला, जत्रेच्या फडावर कुस्त्या मारलेला पोरगा त्या टाकीत बसवला, तर कदाचित फुटबॉलपटूंच्या रांगेत जाऊन बसेल. जत्रेत त्याला फेटा मिळतो, नारळ मिळतो, कधी गदाही मिळते. प्रमाणपत्र मिळत नाही.