काउंटीची सनद आणि मतदारांचा कौल : ओहायो राज्यातील अनुभव

‘होमरूल’ हा शब्द मराठी अभ्यासकांस लोकमान्य टिळकांच्या १९१६ मधील चळवळीमुळे परिचित आहे. अमेरिकेत त्याचा अर्थ बराच मर्यादित आहे. घटकराज्याच्या अधीन राहून स्थानिक संस्थेने आपली शासनरचना स्वतःच्या सनदेद्वारे ठरविणे, एवढाच तो अर्थ होय. १८६८ मध्ये आयोवातील न्यायमूर्ती जॉन डिलन यांनी, स्थानिक संस्थांना राज्य विधिमंडळाने दिले तेवढेच अधिकार असतात, असा सिद्धांत मांडला होता. मिसूरीच्या १८७५ च्या संविधानाने शहरांपुरता त्याला छेद दिला. स्थूलमानाने जिल्ह्यासारखा घटक असलेल्या काउंटीला मात्र १९११ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी कॅलिफोर्नियाने संविधानदुरुस्ती केली आणि लॉस एंजेलिस काउंटीच्या मतदारांनी १९१२ मध्ये सनद संमत केली.

तथापि संविधानातील तरतूद आणि प्रत्यक्ष सत्ता यांत अंतर असते. टेक्सासने १९३३ मध्ये ६२,००० हून अधिक लोकसंख्येच्या काउंट्यांना हा अधिकार देऊ केला. एकाही काउंटीत सनद अमलात आली नाही आणि १९६९ मध्ये ती तरतूदच रद्द झाली.

त्याच १९३३ सालची ओहायोची दुरुस्ती अधिक बोलकी आहे. क्लीव्हलँड शहर ज्या कायाहोगा काउंटीत आहे, तेथे शहर आणि उपनगरे यांचे प्रशासन अनेक नगरपालिकांत विभागलेले होते. काही अधिकार काउंटीकडे एकवटावेत, अशी सुधारकांची अपेक्षा होती. आपण महानगरात विरून जाऊ, ही उपनगरांची भीतीही निराधार म्हणता येणार नाही. म्हणून नगरपालिकांचे अधिकार काउंटीकडे नेणाऱ्या सनदेस चार बहुमते आवश्यक ठरविण्यात आली : संपूर्ण काउंटीत, सर्वांत मोठ्या शहरात, त्या शहराबाहेरील भागात, आणि काउंटीतील निम्म्याहून अधिक नगरपालिका व टाउनशिपांत स्वतंत्रपणे. १९३५ मध्ये कायाहोगाच्या मतदारांनी सनद बहुमताने स्वीकारली. १९३६ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरविली, कारण चारही बहुमते मिळाली नव्हती. जो अधिकार मतदारांना दिल्याचे सांगितले गेले, तो वस्तुतः संख्येने लहान असलेल्या उपनगरांच्या नकाराधिकाराखाली होता.

पुढील दशकांत कायाहोगातील प्रयत्न निष्फळ ठरले. ओहायोतील पहिली यशस्वी सनद १९७९ मध्ये समिट काउंटीत संमत झाली. कायाहोगात सुधारणेला बळ मिळाले ते २००८ मध्ये उघडकीस आलेल्या भ्रष्टाचार प्रकरणामुळे. २००९ मध्ये मतदारांनी सनद मंजूर केली. २०११ पासून तीन आयुक्तांच्या जागी निर्वाचित कार्यकारी प्रमुख आणि ११ सदस्यांची परिषद आली. शेरीफ, लेखापरीक्षक आदी पदे नियुक्तीची झाली, तर सरकारी अभियोक्त्याचे पद निवडणुकीचेच राहिले. या सनदेने नगरपालिकांच्या अधिकारांना हात लावला नव्हता. त्यामुळे तिला काउंटीतील एकच बहुमत पुरेसे ठरले. १९३० च्या दशकातील सुधारकांना अभिप्रेत असलेले महानगरीय एकीकरण तिच्यात नव्हते. क्लीव्हलँडभोवतीच्या नगरपालिका पूर्ववत राहिल्या.