पाचव्या गिअरची वाट

मुंबईच्या टॅक्सीवर लिहायचे म्हटले की काळा-पिवळा रंग येतो, मीटर येते, मागच्या काचेवरचे देवाचे नाव येते. क्वचित बॉनेटखालचे इंजिनही येते. इंजिन आणि चाक यांच्यामध्ये बसलेल्या लोखंडी पेटीकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक एखादी गाडी कोणत्या रस्त्यासाठी, किती ओझ्यासाठी आणि कोणाच्या खिशासाठी बनवली, हे त्या गिअरबॉक्सातल्या चक्रांचे दाते मोजले की बऱ्याच अंशी कळते. म्हणून या लेखात एक साधा प्रश्न घेतला आहे. मुंबईच्या मोटारीला पाचवा गिअर इतक्या उशिरा का मिळाला? त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे आणि तो अधिक महत्त्वाचा आहे : गाडीला किती गिअर असावेत आणि ते किती दात्यांचे असावेत, हे ठरवण्याचा अधिकार या शहरात कोणाकडे होता?

आधी थोडा हिशेब. दहा दात्यांचे चक्र त्रेचाळीस दात्यांच्या चक्राला फिरवत असेल, तर पहिले ४.३ वेळा फिरते तेव्हा दुसरे एकदा फिरते. वेग घटतो आणि त्याच प्रमाणात ओढ वाढते. गाडीत हा हिशेब दोनदा होतो. एकदा गिअरबॉक्समध्ये, जिथे चालक गुणोत्तर बदलू शकतो, आणि एकदा मागच्या धुरीवर क्राऊन-पिनियनमध्ये, जिथे ते कायमचे ठरलेले असते. दोन्हींचा गुणाकार आणि टायरचा घेर कळला, की इंजिनाच्या हजार फेऱ्यांना गाडी किती वेगाने पळेल ते कागदावर काढता येते. गिअर निवडणे म्हणजे हा आकडा निवडणे. एका टोकाला चढ आणि ओझे, दुसऱ्या टोकाला मोकळा रस्ता आणि पेट्रोलची बचत.

हा हिशेब मुंबईला मोटारीने शिकवला नाही. तो गिरणीने शिकवला. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कंपनी स्थापन केली आणि दोन वर्षांनी ताडदेवला मुंबईतली पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, भायखळा हा सारा भाग गिरणगाव झाला. रिंग फ्रेमवर सूत निघते तेव्हा त्याची जाडी पुढच्या आणि मागच्या रुळांच्या वेगातल्या फरकावर ठरते, आणि पीळ रुळ व चाती यांच्या वेगांवर. हे दोन्ही फरक दंतचक्रे बदलून साधतात. त्यांना चेंज पिनियन किंवा चेंज व्हील म्हणतात. वीस नंबरी सुताला इंचाला साधारण अठरा पीळ लागत असतील, तर त्याच प्रतीच्या चाळीस नंबरी सुताला सुमारे पंचवीस लागतात, कारण पीळ सुताच्या नंबराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढवावा लागतो. बाजारात बारीक सुताला मागणी आली की साचा थांबवायचा, एक चक्र काढायचे, दुसरे चढवायचे, पुन्हा सुरू करायचे. एखाददुसरा दाता इकडेतिकडे झाला तर माल नापसंत. आकडा स्पिनिंग मास्तरच्या वहीत असे. हात फिटरचा असे, आणि अनुभवाने वही न बघताही त्याला तो आकडा ठाऊक होई. १८८७ मध्ये भायखळ्याला सुरू झालेल्या आणि १९२३ मध्ये माटुंग्याला गेलेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, आजच्या व्हीजेटीआयमध्ये, कापडविद्या आणि यंत्रविद्या शेजारी-शेजारी शिकवल्या जात. गिअरचे गुणोत्तर कामानुसार बदलायचे असते, ही गोष्ट या शहरातल्या हजारो हातांना मोटार येण्यापूर्वीच माहीत होती.

मोटार मात्र आली ती पेटीत बंद होऊन. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. जहाजातून सुटे भाग उतरायचे आणि शिवडीत त्यांची शेवरलेट उभी राहायची. दुसऱ्या महायुद्धानंतर माझगावात महिंद्रांनी विलिस जीप जोडायला घेतली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला आधी क्रायस्लर कंपनीच्या गाड्या आणि मग इटलीची फियाट जोडली. आज हौशी मंडळी सुटे भाग मागवून घरी गाडी उभी करतात तिला ‘किट कार’ म्हणतात. त्या अर्थाने शिवडी-माझगाव-कुर्ल्याची सुरुवातीची प्रत्येक गाडी किट कारच होती. फरक इतकाच की हौशी माणूस आपल्या गाडीचा गिअरबॉक्स स्वतः निवडतो. इथे निवड पेटी बंद होण्याआधीच, डेट्रॉइट, टोलेडो किंवा तुरिन येथे झालेली असे.

प्रत्येक पेटीत त्या त्या देशाचा रस्ता भरलेला होता. अमेरिकन गाड्यांची इंजिने मोठी, पेट्रोल स्वस्त, रस्ते सरळ. त्यांना तीन गिअर पुरत. जीपलाही तीनच गिअर होते, पण ती लढाईसाठी जन्मली होती. युद्धानंतरच्या नागरी जीपमध्ये धुरीचे गुणोत्तर ५.३८ होते आणि जोडीला ट्रान्स्फर केसमध्ये २.४६ चा आणखी एक टप्पा. पहिला गिअर आणि लो रेंज एकत्र टाकली की इंजिनाच्या सुमारे सदतीस फेऱ्यांना चाक एकदा फिरे. चिखलातून, नदीच्या पात्रातून, भाताच्या खाचरातून ती निघे ते या गुणाकारामुळे. सपाट रस्त्यावर हीच जीप थोड्याच वेगात ओरडू लागे तेही त्यामुळेच.

फियाट ११०० ची गोष्ट वेगळी. लहान इंजिन, १,०८९ घनसेंटिमीटरचे. ओढ कमी म्हणून टप्पे जास्त हवेत, म्हणून चार गिअर, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हते. चालत्या गाडीत तो टाकायचा तर डबल क्लच मारावा लागे, नाहीतर दाते करकरत. चौथा गिअर थेट, म्हणजे एकास एक, आणि धुरीचे गुणोत्तर सुमारे ४.३. टायरचा घेर १.८७ मीटर धरला तर चौथ्या गिअरमध्ये इंजिनाच्या हजार फेऱ्यांना ताशी सुमारे २६ किलोमीटर वेग मिळतो. साठच्या वेगाला २,३०० फेऱ्या, शंभरच्या वेगाला ३,८००. हीच गाडी १९६४ पासून ‘डिलाइट’ आणि १९७० च्या दशकात ‘पद्मिनी’ नावाने धावू लागली आणि मुंबईची टॅक्सी झाली.

आता समजा, या गाडीला ०.८५ चा पाचवा गिअर दिला असता. शंभरच्या वेगाला इंजिनाच्या साधारण साडेपाचशे फेऱ्या वाचल्या असत्या. आवाज कमी, पेट्रोल कमी, झीज कमी. पण गिरगाव ते दादर या प्रवासात शंभरचा वेग कुठे होता? लालबागच्या नाक्यावर, हिंदमाताला, दादरच्या टिळक पुलावर गाडी दुसऱ्या-तिसऱ्यात चाले. चाळीसच्या वेगाला पाचवा टाकला असता तर फेऱ्या दीड हजाराखाली येऊन इंजिन ठोके देऊ लागले असते. उरला पुण्याचा रस्ता. बोरघाटात रेल्वेमार्गाला १८६३ पासून सदतीसात एक असा चढ आहे आणि तिथे मागून जादा इंजिन लावावे लागते. मोटाररस्त्याचा घाटही असाच दमछाक करणारा. तिथे गरज दुसऱ्या गिअरची. म्हणजे पद्मिनीला चारच गिअर असणे हे केवळ मागासलेपण नव्हते. ताशी साठच्या आतल्या शहराला ते बेताचे माप होते. टॅक्सीवाल्याची खरी तक्रार, पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसण्याची, वेगळीच होती. थांबत-सरकत जाणाऱ्या शहरात सर्वांत जास्त राबणारा गिअरच सर्वांत ओबडधोबड होता. ती दुरुस्त करायला पाचव्या गिअरची गरज नव्हती. इथल्या रस्त्याकडे बघून चक्रे नव्याने आखणाऱ्या माणसाची होती.

गिअर निवडताना एक बाजू सहसा विसरली जाते, ती म्हणजे इंजिन थंड कसे राहते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात ती सर्वांत स्पष्ट दिसते. फोक्सवागनच्या बीटलमध्ये पाणी नाही. क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरणारा पंखा सिलिंडरांवर हवा ढकलतो. इंजिन हळू फिरले की पंखाही हळू फिरतो. १९६० च्या दशकातल्या १२०० बीटलचा चौथा गिअर ०.८९ होता, म्हणजे चार गिअरांतला शेवटचाच पाचव्यासारखा सैल. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात ब्रूस मायर्स यांनी बीटलचे यांत्रिक भाग वापरून फायबरग्लासची ‘मँक्स’ उभी केली आणि हवेवर चालणाऱ्या किट कारची लाट आली. त्याच वर्षी पोर्शची ९११ पाच गिअर घेऊन बाजारात आली. पोर्शचा पाच गिअरांचा डबा आपल्या हलक्या गाडीला लावावा, हा मोह तेव्हापासून हौशी माणसाला पडत आला आहे. पण पाचवा फार लांब निवडला तर चढावर इंजिन जोर लावते, पंखा मात्र मंद फिरतो, आणि तेल व सिलिंडरांची डोकी तापतात. म्हणून जाणता माणूस आधी टायरचा घेर मोजतो, मग नेहमीचा वेग ठरवतो, त्या वेगाला पंखा पुरेसा फिरेल इतक्या फेऱ्या राखतो आणि उरलेल्या जागेत पाचवा बसवतो. पाचवा गिअर वेगासाठी नसतो. तो आधीच मिळालेला वेग स्वस्तात टिकवण्यासाठी असतो.

मुंबईत हवेवरचे इंजिन आहे, पण शहराच्या वेशीबाहेर. ऑटोरिक्षाला वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेला धंदा करायची परवानगी नाही. बजाजने पियाजिओच्या परवान्याखाली सुरू केलेल्या रिक्षात इंजिन मागे, थंड करायला पंखा, पुढे जायला चार गिअर आणि एक रिव्हर्स. तिचे गिअर आखडते ठेवलेले असतात. तीन माणसे आणि सामान घेऊन ती कूर्मगतीने चढ चढते तेव्हाही इंजिन वेगात फिरत राहते आणि पंखाही. रिक्षाचा तो फडफडाट अनेकांना नकोसा वाटतो, पण त्या फेऱ्यांतच तिचा थंडावा असतो.

मग इथल्या माणसाने स्वतः गाडी घडवायचा प्रयत्न केलाच नाही का? केला. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची लहान, मागे इंजिन असलेली गाडी अनेक वर्षे पदरमोड करून, एकामागून एक नमुने बनवत घडवली. इचलकरंजी हे मागांचे गाव. चक्रांचा हिशेब तिथेही घरोघरी होता. मीरा कारखान्यापर्यंत पोहोचली नाही. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने गाड्या देशात बनवण्याचा कार्यक्रम असलेल्यांनाच परवानगी द्यावी अशी शिफारस केली, १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद झाला, आणि पुढची तीस वर्षे मोजक्याच परवानाधारकांनी ठरवलेली गाडी लोकांनी नंबर लावून घेतली. संरक्षणाचा हेतू देशी कारखानदारी वाढवण्याचा होता आणि सुटे भाग इथे बनू लागले हे त्याचे खरे यश. पण भाग बनवणे आणि भाग ठरवणे यांत अंतर आहे. कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीच्या गिअरबॉक्सातले दाते बहुतांश काळ तुरिनने ठरवलेलेच राहिले.

पाचवा गिअर आला तो पुन्हा बाहेरूनच. इसुझुच्या इंजिनाबरोबर तो काँटेसात आणि मग अँबॅसडरमध्ये आला. १९९० मध्ये मारुती १००० मध्ये, १९९३ मध्ये झेनमध्ये, १९९८ मध्ये इंडिकात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि पाचव्याला पहिल्यांदा त्याच्या तोलाचा रस्ता मिळाला. पद्मिनीचे उत्पादन तोवर थांबले होते. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये आणि लालबागचा उड्डाणपूल २०११ मध्ये झाला. जिथे पूर्वी दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रेटावी लागे त्या गिरणगावावरून आता चौथा-पाचवा टाकून जाता येते, आणि खाली गिरणीची चिमणी आहे की नाही हे बघायला वेळ राहत नाही. याच सुमारास गेटवेपासून समुद्राने तासाभरावर असलेल्या अलिबागला चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीची रोडस्टर बनवली. तिला अँबॅसडरमधले इसुझु इंजिन आणि पाच गिअर. जड सेदानसाठी ठरलेले टप्पे हलक्या गाडीत आले की पहिला गिअर चुटकीसरशी संपतो, पण निदान ही निवड इथे बसून, बाजारात काय मिळते ते पाहून केलेली होती.

पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून हटली. ज्या ताडदेवात पहिल्या गिरणीचे चक्र फिरले, तिथेच या गाडीची शेवटची नोंद झाली. एक तरी पद्मिनी जपून ठेवा, असे तेव्हा अनेकांनी सुचवले. सूचना रास्त आहे, पण बाहेरून चकचकीत रंगवलेली गाडी चौथऱ्यावर ठेवून भागणार नाही. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रसंग्रहालय उभारण्याची योजना आहे. तिथे रिंग फ्रेमजवळ चेंज पिनियनचा एक संच मांडावा आणि त्याच्या शेजारी पद्मिनीचा गिअरबॉक्स, कड कापून, आतली चक्रे दिसतील असा. हाताने फिरवता यावा आणि दाते मोजता यावेत. एका यंत्रातले चक्र परळच्या फिटरने गरजेप्रमाणे बदलले. दुसऱ्यातले त्याच्याच शेजारपाजारच्या मेकॅनिकने आयुष्यभर उघडले, धुतले, घासले आणि होते तसेच परत बसवले. त्या दोघांच्या कौशल्यात फरक नव्हता. फरक अधिकारात होता, आणि तो शाळेतल्या मुलालाही दाते मोजून समजू शकेल.