बाहुलींतील पांढरी झांक

एकाद्या रोगाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे तो प्रथम कोणी ओळखला आणि त्यावर उपाय केव्हां निघाला, एवढें सांगून आपण सहसा थांबतों. परंतु तें ज्ञान आणि तो उपाय खेड्यांतील घरापर्यंत केव्हां पोंचला, हाहि त्या इतिहासाचाच उत्तरार्ध होय, आणि तो क्वचितच लिहिला जातो. लहान मुलांच्या डोळ्यांत होणाऱ्या कर्करोगाचा पूर्वार्ध चारशें वर्षांचा व मोठा वैभवशाली आहे. उत्तरार्ध मात्र, बुलढाण्यासारख्या जिल्ह्यापुरता पाहिला तर, अद्यापि पुरा व्हावयाचा आहे. तो पुरा करण्याचें काम केवळ वैद्यांचें नाहीं, म्हणूनच सुशिक्षित कुटुंबांपुढें हा विषय मांडावासा वाटतो.

या रोगास वैद्यकांत रेटिनोब्लास्टोमा म्हणतात. डोळ्याच्या आंतल्या बाजूस जें दृष्टिपटल असतें, त्यांत ही गांठ वाढते. बहुतेक मुलांत ती वयाच्या पांचव्या वर्षाच्या आंतच दिसून येते. पंधरा ते अठरा हजार जन्मांमागें साधारण एका मुलास ती होते. हें प्रमाण अल्प वाटलें तरी आपल्या देशाची लोकसंख्या पाहतां दरवर्षीं पंधराशेंहून अधिक भारतीय मुलांस ती होते, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. पहिलें लक्षण बहुधा घरांतच दिसतें. काळीभोर असावयाची बाहुली मंद उजेडांत एकाद्या बाजूनें पांढरट चमकते. मूल दुखतें म्हणून रडत नाहीं, त्यास ताप येत नाहीं, तें हंसतें खेळतें; त्यामुळें ती चमक आईच्या दृष्टीस पडूनहि मनांत राहत नाहीं. दुसरें लक्षण म्हणजे तिरळेपणा. ‘मोठेपणीं आपोआप सुधारेल’ या समजुतीनें तोहि सोडून दिला जातो.

लायडेनच्या पीटर पॉ या शरीरशास्त्रज्ञानें १५९७ सालीं एका मुलाच्या डोळ्यांतील अशा गांठीचें वर्णन लिहून ठेविलें आहे. पुढें १८०९ सालीं स्कॉटलंडमधील जेम्स वॉर्ड्रॉप या शस्त्रवैद्यानें हा एक निराळाच रोग आहे हें ओळखलें आणि गांठ बाहेर पसरण्यापूर्वीं डोळाच काढून टाकावा, असें सुचविलें. त्या वेळीं भूल देण्याचें औषध निघावयास जवळ जवळ तीन तपें अवकाश होता! १८५१ सालीं हेल्महोल्ट्झनें डोळ्याच्या आंत पाहण्याचें यंत्र पुढें आणिलें, आणि गांठ लहान असतांनाच दिसूं लागली. बर्लिनच्या फॉन ग्रेफेनें डोळ्याबरोबर मेंदूकडे जाणारा मज्जातंतूहि शक्य तितका लांब कापावा असा दंडक घातला, कारण रोग त्याच वाटेनें पुढें सरकतो. अशा रीतीनें मूल वाचविण्याची मुख्य युक्ति एकोणिसाव्या शतकांतच वैद्यांच्या हातीं आली होती.

विसाव्या शतकानें डोळा वाचविण्याचाहि प्रयत्न केला. प्रथम किरणोपचार आले. परंतु ज्या मुलांत हा दोष जन्मजात असतो त्यांना त्या किरणांमुळें पुढें दुसरे कर्करोग होण्याचा धोका वाढतो असें आढळल्यावर, १९९० नंतरच्या दशकांत औषधोपचारानें गांठ आटवून मग लेझरनें किंवा थंडाव्यानें ती जाळण्याची पद्धति रूढ झाली. दरम्यान १९७१ सालीं आल्फ्रेड नड्सन या अमेरिकन वैद्यानें अवघ्या ४८ रुग्णांच्या नोंदींवरून असें अनुमान काढिलें कीं, एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या म्हणजे ही गांठ उद्भवते. १९८६ सालीं तें जनुक प्रत्यक्ष हातीं लागलें. कर्करोगास आवर घालणाऱ्या जनुकांपैकीं हें पहिलें; सर्वच कर्करोगांच्या विचारास त्यानें नवी दिशा दिली.

या शोधाचा एक सामाजिक अर्थहि आहे. ज्या मुलांस हा रोग होतो, त्यांतील बहुसंख्यांच्या घराण्यांत तो पूर्वीं कोणास झालेला नसतो. ग्रहणांत आईनें कांहीं कापलें, कोणाची दृष्ट लागली, पूर्वजन्मींचें पाप फळास आलें, अशा कल्पनांना येथें तिळमात्र आधार नाहीं. जेथें दोष आनुवंशिक ठरतो, तेथें भावंडांचे डोळे वेळींच तपासून घेणें एवढेंच कर्तव्य उरतें; आईस बोल लावण्याचा अधिकार कोणासहि पोंचत नाहीं.

आज श्रीमंत देशांत या रोगाचीं शंभरांपैकीं पंचाण्णवांहून अधिक मुलें जगतात. मग इतरत्र तीं कां दगावतात? १५३ देशांतील ४३५१ मुलांच्या नोंदी एकत्र करून २०२० सालीं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत असें दिसलें कीं, धनाढ्य देशांत निदानाच्या वेळचें मध्यम वय १४ महिने होतें, तर अतिदरिद्री देशांत तें ३० महिन्यांवर होतें. पहिल्या गटांत रोग शरीरांत इतरत्र पसरलेलीं मुलें हजारीं तीन. दुसऱ्या गटांत शेंकडा जवळ जवळ एकोणीस. आपला देश या दोन टोकांच्या मध्यें आहे. मुलाचें आयुष्य औषधाच्या गुणाइतकेंच या सोळा महिन्यांवर अवलंबून आहे.

आतां बुलढाणा जिल्ह्याकडे पाहूं. या जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग लोकव्यवहारांतच पडलेले आहेत. घाटाखालीं मलकापूर, नांदुरा, शेगांव या गांवांवरून मुंबई–नागपूर लोहमार्ग जातो. घाटावर मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगांव राजा या बाजूस आगगाडी नाहीं. नागपुरास राष्ट्रसंत तुकडोजींच्या नांवाचें प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, आणि २०१२ पासून छत्रपती संभाजीनगर येथेंहि शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, ही मोठी सोय झाली. तथापि अवघड रोगासाठीं मुंबईची वाट अजून सुटलेली नाहीं, आणि शेगांवाहून ती सुमारें साडेपांचशें किलोमीटर आहे. लोणारकडील शेतमजुरानें कापूसवेचणीच्या दिवसांत मूल घेऊन निघावयाचें तें एकदां नव्हे, दर तीन चार आठवड्यांनीं, कित्येक महिने. बुडालेली मजुरी, गाडीभाडें, परक्या शहरांतील रात्र, आणि मागें राहिलेलीं इतर मुलें यांचा हिशेब कोणत्याहि सरकारी योजनेंत पुरतेपणीं धरलेला नसतो. त्यांतच ‘डोळा काढावा लागेल’ हें वाक्य कानीं पडतें. मुलगी असली तर तिच्या लग्नाची चिंता तिच्या प्राणाहून मोठी वाटूं लागते, आणि कित्येक आईबाप तेथूनच परत फिरतात. कृत्रिम डोळा बसविलेलें मूल शाळेंत जातें, संसार करतें, हें त्यांना कोणी दाखविलेलेंच नसतें.

या अडचणीवर दानधर्मानें काय होऊं शकतें, याचीं उदाहरणें आपल्याच प्रांतांत आहेत. १९३१ सालीं मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगानें वारल्या; पुढच्याच वर्षीं त्यांचे पति सर दोराबजी यांचाहि अंत झाला. दोराबजींच्या विश्वस्त निधींतून परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उभें राहून २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. परंतु रुग्णालय झालें तरी रात्रीं मूल निजवावें कोठें, हा प्रश्न राहिलाच. वऱ्हाडचे गाडगेबाबा यात्रेकरूंसाठीं धर्मशाळा बांधीत. त्यांच्या नांवें चालणाऱ्या दादरच्या धर्मशाळेंत आज कर्करोगाचे रुग्ण व त्यांचे आप्त उतरतात. २००६ सालापासून सेंट ज्यूड या संस्थेनें उपचार घेणाऱ्या मुलांस आईबापांसह विनामूल्य राहण्याची सोय केली. टाटा रुग्णालयाच्या बालविभागानेंहि निवास, अन्न, रक्त, औषध व शिक्षण यांची एकत्र तजवीज लाविली, आणि तेव्हांपासून उपचार अर्ध्यावर टाकून जाणाऱ्यांचें प्रमाण पुष्कळ घटलें. इंग्लंडांत तर १९८७ सालीं अशा मुलांच्या पालकांनींच एकत्र येऊन संस्था काढली. ती कुटुंबांस आधार देते, संशोधनास पैसा पुरविते आणि पांढऱ्या चमकेचा अर्थ लोकांस सांगत फिरते.

या शेवटच्या कामास पैसा सर्वांत थोडा लागतो, आणि आपल्याकडे तेंच सर्वांत मागें पडलें आहे. १९७५ पासून अंगणवाडी आहे. २००५ नंतर गांवोगांव आशा कार्यकर्त्या आल्या. गोंवराची लस नवव्या महिन्यांत आणि पुन्हां सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यांच्या दरम्यान टोंचली जाते. हाच तो काळ, ज्यांत ही गांठ सांपडावयास हवी. टोंचणीच्या वेळीं दोन्हीं बाहुल्यांकडे क्षणभर निरखून पाहणें आणि आईस ‘डोळा कधीं पांढरा चमकतो का? तिरळा होतो का?’ एवढें विचारणें यास वेगळा खर्च नाहीं. शिकवण, एक चित्रफलक आणि नेत्रवैद्याकडे जाण्याचें भाडें एवढेंच लागेल. दिव्याच्या लखलखाटांत काढलेल्या छायाचित्रांत एक डोळा तांबडा व दुसरा पांढरा उमटला, तर तोहि इशारा समजावा. अशी प्रत्येक चमक कर्करोगाचीच असते असें नाहीं. ती मोतीबिंदूची असेल, वा नुसत्या प्रकाशाच्या कोनाची. परंतु बाहुली मोठी करून आंत पाहिल्यावांचून तें ठरत नाहीं, आणि ती तपासणी त्याच आठवड्यांत व्हावयास पाहिजे.

शेगांवच्या वारींत आणि जिजाऊंच्या जन्मदिवशीं सिंदखेडच्या मेळाव्यांत लाखों माणसें जमतात. तेथें अन्नछत्रें चालविणाऱ्या हातांनीं एक फलक उभा केला आणि घाटावरच्या दहा कुटुंबांच्या प्रवासाचा निधि बाजूस ठेविला, तर आरंभास तेवढें पुरेसें आहे. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं तान्हें मूल असेल, त्यांनीं आज सांजवातीच्या वेळीं त्याच्या दोन्हीं डोळ्यांत एकदां नीट पाहावें. आणि शेजारच्या घरींहि तसें पाहावयास सांगावें.