अंगठ्याच्या मुळाशी एक रिकामी जागा

एका हातात फोन धरून हे वाचत असाल, तर स्क्रीन सरकवायचं काम तुमचा अंगठाच करत असणार. त्याच्या मुळाशी, मनगटात, ट्रॅपेझियम नावाचं छोटं हाड आहे. त्यावर अंगठ्याचं हाड खोगिरावर खोगीर ठेवावं तसं बसतं. म्हणून अंगठा सगळीकडे वळतो, आणि म्हणूनच हा सांधा झिजतोही. टोकाशी एक किलोच्या जोराची चिमूट धरली, तर मुळाशी सुमारे बारा किलोंचा भार येतो. ही झीज पन्नाशीनंतर बायकांमध्ये जास्त दिसते. बरणीचं झाकण उघडेना, किल्ली फिरेना, की घरचे म्हणतात, वय झालं.

१९४९ साली जर्विस या ब्रिटिश सर्जननं साधा उपाय मांडला: ते हाडच काढून टाकायचं. जागा रिकामी ठेवायची, जखम भरताना शरीर तिथे काय ते करून घेतं. त्याच वर्षी म्यूलर यांनी दोन्ही हाडं कायमची जोडून टाकण्याची शस्त्रक्रिया मांडली. त्यानं दुखणं थांबतं, पण तळहात टेबलावर सपाट टेकवता येत नाही.

सर्जन मंडळींना मात्र ती रिकामी जागा बघवेना. अंगठा आत खचेल, चिमटीतला जोर जाईल, ही भीती अगदीच खोटी नव्हती. अमेरिकेत स्वान्सन यांनी तिथे सिलिकोनचं हाड बसवलं. ते झिजलं आणि त्याचे कण आसपासची हाडं पोखरू लागले. १९७० मध्ये फ्रॉइमसन यांनी रुग्णाच्याच हातातली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, गुंडाळून पोकळीत ठेवली. या गुंडाळीला सर्जन ‘अँकोव्ही’ म्हणतात. आपली मांदेली त्याच माशाच्या कुळातली! १९८६ मध्ये बर्टन आणि पेलेग्रिनी यांनी कंडरेनं अंगठ्याचं हाड बांधूनही घेतलं. अमेरिकेत हीच पद्धत रुळली.

यातलं गरजेचं किती? नॉटिंगहॅममध्ये टिम डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी १६२ बायकांचे १८३ अंगठे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले: नुसतं हाड काढणं, कंडरा भरणं, कंडरा भरून बांधणं. आधाराला चार आठवडे तार मात्र सगळ्यांनाच होती. २००४ साली निकाल छापून आला. वर्षभरानंतर दुखणं, हाताची कामं, अंगठ्याची ताकद, सगळ्यांत तिन्ही गट सारखेच. पुढे ५ ते १८ वर्षांनी पुन्हा तपासलं, तरी तेच.

आता युरोपात धातूचे कृत्रिम सांधे पुन्हा जोरात आहेत. असा सांधा सैल झाला, तर बरेचदा तो उपसून ट्रॅपेझियमही काढून टाकतात, जर्विस काढत तसंच.