मॉर्निंगसाइड हाइट्सचे निवेदन : एका पक्षांतर्गत समेटाची भाषा

अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाच्या इतिहासात शिकागो हे नगर दोन वेळा भाऊबंदकीचे रणांगण ठरले. १९१२ साली राष्ट्राध्यक्ष विल्यम हॉवर्ड टाफ्ट आणि माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यात उमेदवारीसाठी जी झुंज झाली, तीत प्राथमिक निवडणुकांतील बहुतेक यश रूझवेल्ट यांच्या पदरी पडले होते; पण अधिवेशनाची यंत्रणा टाफ्ट यांच्या हाती होती. वादग्रस्त २५४ जागांपैकी २३५ टाफ्टपक्षाला देण्यात आल्या. आपल्या जागा चोरल्या गेल्या, असा आक्रोश करीत रूझवेल्ट यांचे अनुयायी बाहेर पडले, त्यांनी स्वतंत्र पक्ष काढला, आणि दुभंगलेल्या मतांच्या जोरावर डेमोक्रॅटिक पक्षाचे वुड्रो विल्सन निवडून आले. विजयी ठरलेल्या टाफ्ट यांना अखेर निर्वाचकांची अवघी ८ मते मिळाली.

चाळीस वर्षांनी त्याच नगरात त्याच आरोपाचा उच्चार झाला, आणि आरोपी होता त्याच टाफ्ट यांचा पुत्र. ओहायओचे सिनेटर रॉबर्ट टाफ्ट हे पक्षाच्या जुन्या, काटकसरवादी आणि परराष्ट्रीय गुंतवळीविषयी साशंक असलेल्या गटाचे सर्वमान्य पुढारी होते. १९४० आणि १९४८ साली उमेदवारीने त्यांना हुलकावणी दिली होती. १९५२ साली ती हाताशी आल्यासारखी दिसत असतानाच सेनापती आयझेनहॉवर यांचे नाव पुढे आले. ११ मार्च रोजी न्यू हँपशायरची प्राथमिक निवडणूक आयझेनहॉवर यांनी जिंकली, तीही स्वतः पॅरिसमध्ये लष्करी पदावर असताना. पुढे मात्र विस्कॉन्सिन, इलिनॉय, ओहायओ आदी राज्यांत टाफ्ट यांनी बाजी मारली, आणि सर्व प्राथमिक निवडणुकांतील मतांची बेरीज त्यांच्याच बाजूने राहिली. त्या काळी अशी निवडणूक थोड्याच राज्यांत होत असे. बहुसंख्य प्रतिनिधी राज्य अधिवेशनांतून निवडले जात. खरा कलह माजला तो तेथेच.

टेक्ससमध्ये स्थानिक सभांतून आयझेनहॉवरसमर्थकांची लाट आली. त्यांतील पुष्कळजण कालपर्यंत डेमोक्रॅट होते, हे कारण पुढे करून मे महिन्यातील मिनरल वेल्स येथील अधिवेशनात टाफ्टपक्षीयांनी त्यांना डावलले आणि आपलीच यादी मंजूर केली. हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. पण वाद नियमांचा राहिला नाही, तो चोरीचा झाला. 'चोरी करू नको' ही बायबलमधील आज्ञा फलकांवर झळकू लागली. टाफ्ट यांच्या नावाशी लाचलुचपतीच्या शब्दाचे यमक जुळवलेली घोषणा तर इतकी चपखल होती की मराठीत तिचा अर्थ सांगता येतो, तिचा डंख आणता येत नाही. राजकीय वैराला यमक सापडले की ते युक्तिवादाने शमत नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय.

जुलैच्या अधिवेशनात जॉर्जिया, लुइझियाना आणि टेक्सस येथील ६८ वादग्रस्त प्रतिनिधींना इतरांच्या वादांवर मत देऊ द्यावे की नाही, हा पहिला निर्णायक प्रश्न होता. आयझेनहॉवरपक्षाने आपल्या दुरुस्तीला 'न्याय्य खेळ' असे नाव दिले. नावातच अर्धा निकाल होता. न्याय्य खेळाच्या विरुद्ध मत कोण देणार? वादग्रस्त जागांच्या चर्चेत सिनेटर डर्कसन यांनी व्यासपीठावरून न्यू यॉर्कचे गव्हर्नर ड्यूई यांच्याकडे बोट रोखले आणि यांच्यामागे जाऊन आपण पूर्वी पराभवाच्या वाटेला लागलो, असे बजावले. सभागृहात गदारोळ माजला. दुरुस्ती ६५८ विरुद्ध ५४८ मतांनी संमत झाली, आणि ११ जुलै रोजी पहिल्याच फेरीत आयझेनहॉवर यांना उमेदवारी मिळाली. पहिल्या मोजणीत त्यांना ५९५ व टाफ्ट यांना ५०० मते होती. मिनेसोटाने मते फिरवल्यावर ६०४ चा आवश्यक आकडा ओलांडला गेला.

निकाल लागताच आयझेनहॉवर आपल्या हॉटेलातून रस्ता ओलांडून टाफ्ट यांच्या भेटीला गेले. टाफ्ट यांनी अभिनंदन केले, ते सौजन्याने केले. परंतु पुढाऱ्यांचे हस्तांदोलन म्हणजे अनुयायांचे मनोमीलन नव्हे. टाफ्ट क्विबेकमधील आपल्या विश्रांतिस्थानी निघून गेले, आणि मध्यपश्चिमेतील त्यांचे कार्यकर्ते हात बांधून बसले. ऑगस्टमध्ये अनुकूल वृत्तपत्रांनीही आयझेनहॉवर यांची मोहीम कोरड्या ओढ्यासारखी असल्याची तक्रार केली. ज्यांनी वर्षानुवर्षे घरोघर फिरून पक्ष जिवंत ठेवला, त्यांना आपली गणना आता चोरांत होत असल्याचे वाटत होते. शिवाय नवे सरकार आले तर पदांच्या वाटपात आपल्याला वगळले जाईल, ही रोकडी भीती होतीच. तत्त्वाचा प्रश्न आणि उपजीविकेचा प्रश्न येथे एकमेकांत असे मिसळले होते की खुद्द त्या कार्यकर्त्यांनाही ते वेगळे करता आले नसते.

१२ सप्टेंबर १९५२ रोजी न्यू यॉर्कमधील मॉर्निंगसाइड हाइट्स येथे, आयझेनहॉवर यांच्या निवासस्थानी, सकाळच्या न्याहारीला दोघे भेटले. टाफ्ट यांनी निवेदनाचा मसुदा बरोबरच आणला होता. आयझेनहॉवर यांनी त्यात किरकोळ फेरफार केले, आणि नंतर वार्ताहरांसमोर ते टाफ्ट यांनी एकट्यानेच वाचून दाखवले. समेटाचे मर्म या योजनेत आहे. निवेदन टाफ्ट यांच्या नावाचे, त्यामुळे त्यांच्या अनुयायांना आपला पुढारी अटी घालताना दिसला. आयझेनहॉवर यांची संमती परभारे कळवलेली, त्यामुळे एकाही वाक्यावर त्यांची स्वाक्षरी नव्हती.

निवेदनाच्या शब्दयोजनेकडे पाहिले असता तीन निरनिराळे स्तर आढळतात. निवडणुकीचा मुख्य प्रश्न स्वातंत्र्य विरुद्ध हळूहळू पसरणारा समाजवाद हा आहे, असे त्यात म्हटले होते. म्हणजे भांडणाची रेघ पक्षाच्या आतून उचलून पक्षाबाहेर ओढण्यात आली. सरकारी खर्चाबाबत स्पष्ट आकडे होते : १९५४ च्या आर्थिक वर्षात ७० अब्ज डॉलर, १९५५ मध्ये ६० अब्ज. परराष्ट्रधोरण हा तर वादाचा गाभा. तेथे मात्र आकडे संपले आणि मतभेद केवळ 'प्रमाणाचे' आहेत, असे सांगण्यात आले. संस्कृत वैयाकरणांच्या परिभाषेत बोलायचे तर प्रकृतिभेदाला तरतमभावाचे रूप देण्यात आले. जेथे एकमत शक्य होते तेथे भाषा काटेकोर, जेथे अशक्य होते तेथे तुलनात्मक. टाफ्टसमर्थकांना नियुक्त्यांत डावलले जाणार नाही, हे आश्वासन या मोठ्या वाक्यांच्या सावलीत सामावले होते; ओहायओ आणि इलिनॉयमधील कार्यकर्त्यांच्या दृष्टीने तेच सर्वांत मोलाचे असणार.

टीका लगेच झाली. डेमोक्रॅटिक उमेदवार स्टीव्हन्सन यांनी, टाफ्ट उमेदवारी हरले खरे, पण उमेदवार जिंकून बसले, अशा आशयाचा टोला लगावला. ऑक्टोबरमध्ये ओरेगॉनचे सिनेटर वेन मॉर्स यांनी पक्ष सोडला; एका बाजूला चुचकारले की दुसरी बाजू दुखावते, हा अशा समेटाचा ठरलेला खर्च होय. तो येथे एकंदरीत स्वस्तात पडला. टाफ्ट प्रचारात उतरले, कार्यकर्ते हलले, आणि ४ नोव्हेंबर रोजी आयझेनहॉवर ४४२ विरुद्ध ८९ निर्वाचक मतांनी विजयी झाले. ओहायओ त्यांना मिळाले, तसेच टेक्ससही. अर्थात इतक्या लोकप्रिय सेनापतीचा विजय केवळ या निवेदनाने घडवला, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत जे निसटते बहुमत मिळाले, त्याच्याशी मात्र कार्यकर्त्यांच्या उत्साहाचा संबंध अधिक जवळचा असावा.

शब्दांची परीक्षा पुढे झाली. डिसेंबरमध्ये स्टीव्हन्सन यांना पाठिंबा दिलेले कामगार पुढारी मार्टिन डर्किन यांची मजूरमंत्रिपदासाठी निवड जाहीर होताच टाफ्ट यांनी ती अविश्वसनीय असल्याचे उघड बोलून दाखवले. ३० एप्रिल १९५३ च्या बैठकीत अंदाजपत्रकातील कपात अपुरी असल्याचे कळल्यावर ते राष्ट्राध्यक्षांसमोरच भडकले. ६० अब्जांचा आकडा पुढे गाठला गेलाच नाही. तरीही सिनेटमधील बहुमताचे नेते या नात्याने त्यांनी सरकारची बाजू निष्ठेने सांभाळली. मॉस्कोतील राजदूतपदासाठी चार्ल्स बोलेन यांच्या नेमणुकीला त्यांच्याच गटातील सिनेटरांनी कडवा विरोध केला, तेव्हा ती मंजूर करून घेणारे टाफ्टच होते. जून महिन्यात कुबड्यांच्या आधाराने येऊन त्यांनी नेतृत्वाची धुरा नोलंड यांच्याकडे सोपवली, आणि ३१ जुलै १९५३ रोजी कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला.